कागदावर "ढाळ" होता, आकडा नव्हता

मागच्या भिंतीला लागून पाणी साचायचं. तासभर जोराची सर आली की घोटाभर पाणी, आणि ते दोन-दोन दिवस जागचं हलायचं नाही. आतल्या खोलीत जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे निघायला लागले, मग त्याखाली पांढरा लोणा दिसायला लागला. दोनदा खरवडून रंग लावून घेतला. तिसऱ्या वेळी रंगारीच म्हणाला, "ताई, हे रंगाचं काम नाही. बाहेरचं पाणी बघा आधी." या सगळ्या प्रकरणात माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला माणूस, आणि बराच काळ शेवटचाही.

मग आला ठेकेदार. अंगणाला ढाळ काढून देतो, पाण्याचा निचरा करून देतो, हाच त्याचा धंदा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव कळून उपयोग नाही; रीत कळली पाहिजे. आल्याआल्या त्याने खिशातून वीतभर लांबीची लेव्हल पट्टी काढली, भिंतीजवळच्या गवतावर ठेवली आणि मला वाकून बघायला लावलं. बुडबुडा भिंतीच्या उलट बाजूला, म्हणजे उंच बाजूला, सरकलेला. "बघा, जमीन घराकडे उतरतेय." आणि ते खरं होतं! फसवणूक अशी खऱ्या गोष्टीने सुरू झाली की माणूस पुढचं सगळं डोळे मिटून घेतो, निदान मी तरी घेतलं.

जमीन घराकडे का उतरते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बांधकामाच्या वेळी पायासाठी चर खणतात आणि काम झाल्यावर तीच माती परत लोटून देतात. ती नीट ठोकलेली नसते. वर्षानुवर्षं बसत जाते आणि भिंतीलगत खोलगट पट्टा तयार होतो. म्हणजे दुखणं अगदी नेहमीचं आणि उपायही साधा: भिंतीजवळ माती भरायची, थराथराने ठोकायची, आणि पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच उतार द्यायचा. मीटरमध्ये सांगायचं तर तीन मीटरला पंधरा सेंटीमीटर. फरशी किंवा काँक्रीट असेल तर शेकडा दोनचा उतारही चालतो, कारण त्यावरून पाणी पटकन सरकतं.

त्याने मात्र साधा उपाय सांगितला नाही. "नुसत्या मातीने काही होत नाही ताई, तुम्हाला फ्रेंच ड्रेन लागेल. फ्रान्सची पद्धत आहे." (फ्रान्सचा काही संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन वकिलाने १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर लिहिलं, त्यांच्या आडनावावरून हे नाव पडलं. त्यांचा मुलगा शिल्पकार, वॉशिंग्टनमधला बसलेला लिंकन त्याचाच. हे मी फसल्यानंतर रात्री जागून वाचलं, आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.) पद्धत चांगलीच आहे. चर खणायचा, त्यात न कुजणारं गाळणीचं कापड अंथरायचं, धुतलेली खडी घालायची, मध्ये भोकाभोकांचा पाइप मीटरला निदान एक सेंटीमीटर उतारावर टाकायचा, आणि त्याचं तोंड सखल जागी उघड्यावर काढायचं. मी विचारलं, "पाणी शेवटी जाणार कुठे?" तो म्हणाला, "जाईल की, मुरेल." मी मान डोलावली. तिथेच त्याला घालवून द्यायला हवं होतं.

निम्मे पैसे आगाऊ, उरलेले काम संपल्याबरोबर, असं ठरलं. तीन दिवस काम चाललं, त्यातले दोन दिवस मी घरी नव्हते. तिसऱ्या संध्याकाळी आले तर अंगण ओळखू येईना. हिरवंगार तयार गवत अंथरलेलं, त्यातून खडीचा सुबक पट्टा गेलेला, आणि कोपऱ्यात काळी जाळी लावलेलं पाइपचं तोंड बाहेर डोकावतंय. त्याने नळी सुरू करून दाखवली. पाणी कुंपणाकडे छान वाहत गेलं. नळी त्याने कुठे धरली होती? भिंतीपासून चांगलं बारा-पंधरा फूट लांब, जिथे जमीन मुळातच बाहेरच्या बाजूला उतरती होती. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि तरी मला दिसलं नाही. मी उरलेले पैसे दिले, वर चहाही दिला.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन त्या काळ्या जाळीसमोर उभी राहिले. धार लागेल म्हणून. थेंब नाही. मागे वळून पाहिलं तर भिंतीशी तेच तळं, फक्त आता त्यात गवत तरंगत होतं.

फोनवर तो म्हणाला, "माती बसू द्या ताई. एक-दोन पावसाळे लागतातच." यातला अर्धा भाग पुन्हा खरा! भराव बसतोच. पण बसल्यावर तो खाली जातो, म्हणजे भिंतीजवळचा उतार असेल तोही कमी होतो. म्हणूनच तर पाच-सहा इंचांचा थर घालून, ओलावून, धुमसाने ठोकून मग वरचा थर घालतात. थांबल्याने ढाळ सुधारत नसतो. त्यानंतर त्याने फोन उचलायचं बंद केलं.

एका रविवारी मीच फावडं घेतलं. जाळी लावलेला पाइप हलवून पाहिला तर दातासारखा हलला. ओढला तर निघालाच. कोपरापासून बोटांपर्यंत, एवढीच त्याची लांबी. भोकंसुद्धा नव्हती त्याला. मागच्या टोकात सिमेंटच्या गोणीचा बोळा कोंबलेला, माती आत येऊ नये म्हणून बहुधा. इतकी काळजी! खडीचा पट्टा उकरला तर दोन बोटं जाडीची खडी, खाली कापड नाही, चर नाही, काहीच नाही. गवताखाली विटांचे तुकडे, फुटक्या टाइल, रंगाच्या डब्याचं झाकण आणि वाळू. दुसऱ्या कुठल्या तरी कामावरचा राडारोडा माझ्या अंगणात पुरून त्याचे पैसे माझ्याकडूनच घेतले होते. वाळू तर भिंतीलगत अजिबात नको. तिच्यातून पाणी सरळ खाली पायाशी जातं. तिथे चिकटसर, दाबून बसवलेली माती हवी, म्हणजे पाणी वरूनच ओघळून जातं.

मातीचा हिशोबही मग मांडला. भिंत चाळीस फूट. दहा फुटांत सहा इंच उतार म्हणजे पाचरीसारखा आकार: चाळीस गुणिले दहा गुणिले अर्धा फूट, त्याचं निम्मं. शंभर घनफूट. सुटी माती ठोकल्यावर आक्रसते, म्हणून सव्वाशे धरा. बिलात चारशे घनफूट लावले होते. पाचवीतलं गणित, पण तेही मी काम संपल्यावर केलं.

ढाळ कसा मोजायचा, हे शेजारच्या निवृत्त मिस्त्रींनी शिकवलं. लेव्हल पट्टी वीतभर असली की ती वीतभर जागेचंच सांगते. एका ढेकळावर ठेवली तर एक, शेजारच्या ढेकळावर दुसरं. पाहिजे तसा बुडबुडा मिळतो. त्याऐवजी पाच-सहा मीटरची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले हवेचे फुगे झटकून काढा (फुगा राहिला की माप चुकलं), आणि दोन्ही टोकं उभी धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. मग दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची. माझ्याकडे भिंतीशी ६२ सेंटीमीटर भरलं. जमीन खाली गेली की उंची वाढते, म्हणून तीन मीटरवर निदान ७७ (६२ अधिक उताराचे १५) यायला हवं होतं. आलं ५९. म्हणजे एवढा सगळा खर्च करूनही जमीन तीन सेंटीमीटर घराकडेच उतरत होती. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी नळी गुंडाळून ठेवली.

बाजूच्या भिंतीला तर उलटाच प्रकार. तिथे माती इतकी चढवली होती की जोत्यावरचा ओल अडवणारा थर तिच्याखाली गाडला गेला. माती त्या थराच्या निदान चार-सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर ओल त्याला वळसा घालून थेट भिंतीत चढते. आधी कोरडी असलेली ती खोलीही त्यामुळे ओली झाली.

तक्रार द्यायला गेले तेव्हा समोरच्या माणसाने बिल वाचलं. "मागील अंगण: ढाळ काढणे, ड्रेन बसवणे. काम पूर्ण." त्याने विचारलं, किती ढाळ ठरला होता? पाइप किती लांबीचा? कुठे नेऊन सोडायचा? माझ्याकडे एकाचंही लेखी उत्तर नव्हतं. ढाळ थोडासा आहे की नाही यावर वाद घालता येतो, दहा फुटांत सहा इंच आहे की नाही यावर घालता येत नाही. तो आकडा कागदावर असता तर माझी बाजू नळी आणि टेपने सिद्ध झाली असती. चर बुजवण्याआधी टेप लावून काढलेला एक फोटो असता तरी पुरे होता.

दुसऱ्यांदा काम केलं तेव्हा मी घरीच थांबले. अंगण उकरण्याआधी जुने पाइप आणि केबल कुठून गेलेत ते शोधून खुणा केल्या. पहिल्या ठेकेदाराने तेही केलं नव्हतं. शेवटचा हप्ता भिंतीशी अर्धा तास नळी सोडून पाहिल्यावरच द्यायचा, असं लिहून घेतलं. कबूल केलं तो माणूस ठेवला, कुरकुर केली त्या दोघांना नमस्कार केला. उथळ चर काढून पाणी पुढच्या नाल्याकडे वळवलं, शेजाऱ्यांच्या कुंपणात नाही.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? छपराचं पाणी खाली आणणारा पाइप भिंतीच्या बुडाशीच उघडत होता. शंभर चौरस मीटर छपरावर पंचवीस मिलीमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी होतं, ते सगळं तिथेच. त्या पाइपला दोन मीटरचा तुकडा जोडून तोंड लांब नेलं आणि तळं जवळजवळ निम्मं झालं. ठेकेदार त्या पाइपला टेकून उभा राहूनच मला फ्रान्सच्या गोष्टी सांगत होता.

आता एकच कोपरा राहिलाय, तिथे भराव बोटभर बसलाय. पुढच्या आठवड्यात नळी लावून मोजणार आहे.