हिडन ऑब्जेक्ट गेम्स: आठ महिन्यांच्या शोधाशोधीनंतर

ठाण्याहून तुर्भ्याला रोज नोकरीला जाते. जाऊन-येऊन पाऊणएक तास लोकलमध्ये. रील्स बघून डोकं भणभणायला लागलं म्हणून आठ महिन्यांपूर्वी वस्तू शोधायचे गेम टाकले. एकूण पाच टाकले, तीन काढले. त्याचा हा हिशोब.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: पसाऱ्याने भरलेलं एक चित्र असतं, खाली यादी असते, यादीतली वस्तू दिसली की बोट लावायचं. बस, एवढंच. गोष्ट बहुतेक वेळा खुनाची. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, माणूस मरून पडलाय आणि ही बाई चमचे कसले शोधतेय?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तरी मजा आहे, आणि खरी आहे. एखादी किल्ली तुम्ही मिनिटभर शोधता. चित्राचा कोपरा न् कोपरा पालथा घालता. आणि मग कळतं की खुर्चीच्या पाठीवरची जी नक्षी समजून आपण दहा वेळा पुढे गेलो, तीच किल्ली आहे. ती एकदा दिसली की परत 'न दिसणं' जमत नाही. हिरव्या पानांत लाल बटण ठेवलं तर ते आपोआप डोळ्यांत भरतं. पण रंगही आजूबाजूसारखा, आकारही आजूबाजूसारखा असला की नजरेला एकेक वस्तू तपासत जावं लागतं. १९८० साली ॲन ट्रीसमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच फरक मांडला होता. चांगला चित्रकार तोच वापरतो: मेणबत्ती टेबलाच्या पायाला चिकटवून, त्याच तपकिरी रंगात. आळशी चित्रकार मात्र मेणबत्ती एवढीशी करतो, नाहीतर नुसती फिकट करून भिंतीवर डकवतो. ते लपवणं झालं नाही, चष्म्याचा नंबर तपासणं झालं. सहा इंची फोनवर तर विचारूच नका. मी आता घरी टॅबवरच खेळते.

दुसरा वैताग यादीचा. नावं इंग्रजीत, वस्तू विलायती घरातल्या. 'बो' शोधा म्हणतात. मी धनुष्य शोधत बसले, आणि निघाली काय तर बाहुलीच्या केसांतली फीत! पुढच्या चित्रात 'बो' म्हणजे व्हायोलिनचा गज. 'बॅट' म्हटल्यावर मराठी माणूस काय शोधेल? तिथे छताला वटवाघूळ लटकलेलं. 'फाइल' म्हणून कपाटातले कागद धुंडाळले, तर हत्यारांच्या पेटीत कानस. पहिल्यांदा हसू येतं; पण वर घड्याळ पळत असलं आणि चुकीच्या टॅपला दंड असला की हसू येत नाही. सासूबाईंनी यावर स्वतःची तोड काढली आहे. त्या यादी वाचतच नाहीत. चित्र बघतात आणि "ते बघ कुलूप, ती बघ कात्री, घुबड बघ माळ्यावर" असं बोलत सुटतात. मी खाली बघून जुळवते. थिंबल म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. त्यांनी "अंगुस्तान गं, शिवताना बोटात घालायचं" म्हणून दोन सेकंदांत दाखवलं. बावीस वर्षं ब्लाउज शिवलेत त्यांनी.

आता मुख्य तक्रार. फुकटातले गेम. नावं घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. सीन खेळायला 'एनर्जी' लागते. ठाण्याला दहा नंबरवर गाडीत बसले की टाकी भरलेली. दिघागाव गेलं, ऐरोली आलं की रिकामी. पुढची टाकी भरायला दोन तास, नाहीतर पैसे, नाहीतर जाहिरात. बरं, पुढचा सीन उघडायला तारे लागतात आणि तारे मिळवायला तोच सीन सात-आठ वेळा खेळावा लागतो. यादी बदलते, वस्तू जागच्या जागी. चौथ्या वेळी मी चित्र बघतच नव्हते. छत्री डावीकडे, दुर्बीण खिडकीत, असं पाठ झालं होतं. शोधायचा गेम आणि शोधायचंच नाही, पाढे म्हणायचे! वर मधेच बागेत कारंजं बसवा, फुलझाडं लावा. मला खुनी कोण ते हवं होतं हो. एकदा मी चिडून एकशे एकोणपन्नास रुपये भरले. ते रबाळे ते घणसोली एवढे पुरले.

हे असं नेहमीच नव्हतं. २००५ साली 'मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल' आला तेव्हा डोंबिवलीला मामेभावाच्या कॉम्प्युटरवर आम्ही तो खेळायचो. तासभर फुकट, आवडला तर एकदाच पैसे. तासभर संपला की मामी हाकलायचीच, त्यामुळे आमची काही तक्रार नव्हती.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: एकदाच पैसे देऊन घ्यायचे गेम घ्या. माझ्याकडे टिकलेल्या दोनपैकी एक आहे 'हिडन फोक्स', २०१७ चा. हाताने काढलेली काळी-पांढरी चित्रं, घड्याळ नाही, एनर्जी नाही, चुकीच्या टॅपला दंड नाही. सगळे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले. माकडाला बोट लावलं की कुणीतरी माकडासारखं ओरडतं. गाडीत हेडफोन न लावता खेळलात तर समोरची बाई दचकते, अनुभव आहे. इथे नुसतं बघून भागत नाही. झुडपं छाटायची, तंबूचे पडदे बाजूला करायचे, दारं उघडायची. यादीतल्या चित्रावर टॅप केलं की एका ओळीचा इशारा मिळतो, आणि तो नीट वाचला तर पुरतो. उणीव एकच: चित्रं एकदा संपली की संपली, दुसऱ्यांदा तेवढी मजा नाही. म्हणून मी मुद्दाम पुरवून पुरवून खेळतेय.

सध्या एका मोठ्या चित्रात एकच माणूस राहिलाय. तीन आठवडे झाले. सासूबाईंना तो परवाच दिसलाय म्हणे. "सांगू का?" म्हणून विचारतात, आणि मी 'नको' म्हणायच्या आत टॅब उलटा ठेवून कुकर लावायला उठतात.