जबड्याच्या सांध्यात ‘एबीसी’ची शंका: सीबीसीटी की एमआरआय, सुई की बायोप्सी?

कानापुढे हळूहळू वाढणारी सूज, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकणं, दात पूर्वीसारखे न जुळणं. ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढला की खालच्या जबड्याचं वरचं टोक, म्हणजे कॉन्डाइल, फुग्यासारखं फुगलेलं दिसतं आणि रिपोर्टात ओळ येते: ‘अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्टची (एबीसी) शक्यता’. रुग्ण बहुधा तरुण असतो, कित्येकदा शाळकरी. घरच्यांची झोप उडते आणि तपासण्यांची यादी हातात पडते.

नावाला घाबरू नका, ते फसवं आहे. हा धमनीचा फुगवटा नाही आणि खरी सिस्टही नाही, कारण आतल्या पोकळ्यांना सिस्टचं अस्तरच नसतं. हाडात रक्ताने भरलेले कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये तंतुमय पडदे. १९४२ मध्ये जाफे आणि लिख्टनस्टाइन यांनी याचं वर्णन केलं. जबड्यात हा आजार कमी आढळतो, कॉन्डाइलमध्ये तर फारच क्वचित. त्यामुळे नुसत्या ओपीजीवर कुणी ठामपणे नाव सांगत असेल तर थांबा.

सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्यांसाठीची खास त्रिमितीय सीटी, सहज होते आणि तिचा किरणोत्सर्ग नेहमीच्या सीटीपेक्षा सहसा कमी असतो. हाडाचं कवच किती पातळ झालं, कुठे फुटलं, हे ती उत्तम दाखवते. पण आत रक्त आहे की भरीव गाठ, हे तिला नीट सांगता येत नाही. साध्या सीटीत मऊ भाग थोडा तरी कळतो. गाठ कवटीच्या तळाकडे किंवा कानाच्या नळीकडे सरकल्याची शंका असेल तर सीबीसीटीपेक्षा तीच बरी.

एमआरआयचं बळ वेगळं आहे. ताक ठेवून दिलं की वर निवळी येते आणि साका खाली बसतो. रुग्ण काही वेळ स्थिर पडून राहिला की कप्प्यांतल्या रक्ताचंही तसंच होतं. प्रत्येक कप्प्यात आडवी पातळी दिसते. एबीसीची ही मोठी खूण, पण एकमेव पुरावा नव्हे. टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगातही अशाच पातळ्या दिसतात. म्हणून कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उठावदार करणारं औषध) देऊन पडदे जाड आहेत का, भरीव गाठी चमकतात का, हे पाहावंच लागतं. ओपीजीनंतर एकाच तपासणीचा खर्च परवडत असेल तर मी सीबीसीटीऐवजी कॉन्ट्रास्टसह एमआरआय निवडेन. शस्त्रक्रिया ठरली की हाडाच्या आराखड्यासाठी सीटी करावी लागेलच.

आता सुई. हाड उघडण्याआधी सुईने ओढून पाहणं मला अत्यावश्यक वाटतं, पण निदानासाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी. गडद रक्त संथपणे आलं तर ते एबीसीशी जुळतं. लालभडक रक्त जोराने येऊन सिरिंजचा दट्ट्या मागे ढकलू लागलं तर तिथेच थांबायचं. ही धमनीशी जोडलेली विकृती असू शकते आणि आधी अँजिओग्राफी हवी. एफएनएसीत (बारीक सुईने पेशी काढून तपासण्यात) मात्र बहुतेकदा नुसतं रक्तच येतं. ‘काही सापडलं नाही’ या रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका.

खरं उत्तर बायोप्सीत आहे, तेही भिंतीचा आणि भरीव भागाचा तुकडा घेतला तरच. सांध्याजवळून चेहऱ्याची नस जाते, त्यामुळे चित्र अगदी ठराविक असेल तर काही सर्जन वेगळी बायोप्सी न करता गाठ काढून सगळी तपासायला पाठवतात. हे मला पटतं. एमआरआयवर भरीव भाग दिसला किंवा कवच फुटलेलं असलं, तर मात्र आधी बायोप्सीच. कधी एबीसीच्या आड दुसराच आजार दडलेला असतो, फायब्रस डिस्प्लेझिया (हाडाच्या जागी तंतुमय ऊती वाढणं) किंवा जायंट सेल (मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशींची) गाठ. जायंट सेल दिसल्या तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनही तपासून घ्या, कारण त्या ग्रंथीच्या विकारातही हाडात अशीच गाठ होते.

शंका उरलीच तर यूएसपी६ जनुकाची तपासणी. मूळ एबीसीच्या सुमारे ७० टक्के गाठींत या जनुकाची उलथापालथ आढळते. दुसऱ्या आजारावर उठलेल्या एबीसीत आणि त्या सार्कोमात ती नसते. सापडली तर मोठा आधार मिळतो, न सापडली तर एबीसी नाही असं ठरत नाही. फक्त हे आधीच बोलून ठेवा: हाड मऊ करायला प्रयोगशाळा तीव्र आम्ल वापरते, त्याने डीएनए खराब होतो आणि मग ही तपासणी हुकते. मऊ पडद्यांचा तुकडा आम्लात न घालता वेगळा ठेवायला सर्जनना शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच सांगा.