छातीतल्या महाधमनीचा फुगा: स्टेंट ग्राफ्ट की ओपन सर्जरी?

सीटीच्या रिपोर्टवर ‘थोरॅसिक अ‍ॅन्युरिझम’ (छातीतल्या महाधमनीचा फुगा) वाचलं की घरात पहिला प्रश्न निघतो, छाती न उघडता भागेल का? त्याआधी फुगा नेमका कुठे आहे ते विचारा. हृदयातून वर चढणाऱ्या भागात असेल तर आजही छाती उघडून शस्त्रक्रिया हाच रुळलेला मार्ग आहे. खरी निवड असते ती कण्यालगत खाली उतरणाऱ्या महाधमनीत. तिथे साधारण 5.5 सेंमीपासून दुरुस्तीचा विचार होतो.

स्टेंट ग्राफ्टमध्ये, म्हणजे टेव्हारमध्ये, कापडाने मढवलेली धातूची जाळी जांघेतल्या धमनीतून वर नेऊन फुग्याच्या आत उघडतात. रक्त जाळीतून वाहतं आणि फुग्याच्या भिंतीवरचा दाब उतरतो. ओपनमध्ये बरगड्यांमधून छातीची डावी बाजू उघडून फुगलेल्या भागाच्या जागी डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी शिवतात. त्यानंतर आयसीयू, बरगड्यांचं दुखणं आणि पूर्ववत व्हायला काही महिने.

अमेरिकेत 2005 साली गोर टॅग या ग्राफ्टला मान्यता मिळाली. त्यामागच्या अभ्यासात 30 दिवसांतले मृत्यू स्टेंट गटात 2.1 टक्के होते, ओपन गटात 11.7 टक्के. पाच वर्षांनी मात्र हयात असलेले रुग्ण जवळपास सारखेच, 68 आणि 67 टक्के. फुग्याशी संबंधित मृत्यू स्टेंट गटात तेव्हाही कमीच होते, पण या वयात माणसाला इतर आजारही गाठतात. शिवाय रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते, म्हणून या आकड्यांवर सगळा भार टाकू नका.

मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून कमरेखालचं अंग लुळं पडण्याची भीती दोन्हीकडे आहे. स्टेंटमध्ये ती कमी दिसते, शून्य नाही. पाठीतून मणक्यातलं पाणी काढणारी नळी घालणार का, हे आधीच विचारा.

स्टेंटला फुग्याच्या वर-खाली सुमारे दोन सेंमी धडधाकट धमनी लागते. वरची जागा अपुरी असेल तर डाव्या हाताच्या धमनीचं तोंड झाकावं लागतं. पूर्वी बायपास झालेला असेल आणि त्यात छातीच्या आतली डावी धमनी वापरली असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती धमनी डाव्या हाताच्या धमनीतूनच निघते, म्हणजे हृदयाचं रक्त तिथूनच येत असतं.

माझ्या मते घरचे लोक सर्वांत कमी विचार करतात तो नंतरच्या वर्षांचा. जाळीच्या कडेने फुग्यात रक्त झिरपू शकतं, त्याला एंडोलीक म्हणतात, आणि बहुतेकदा काहीच दुखत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात, वर्षाने आणि पुढे दरवर्षी सीटी लागतो. आई-वडील गावी एकटे राहत असतील, क्रिएटिनिन वाढलेलं असेल (म्हणजे मूत्रपिंडं कमजोर, आणि सीटीचं औषध त्यांना जड जाऊ शकतं), तर ही तपासणी कोण आणि कशी करून घेणार हे आधी ठरवा. ओपननंतरही तपासणी असते, पण नळी टाक्यांनी शिवलेली असल्याने पुन्हा हात घालावा लागण्याची शक्यता कमी.

सत्तरी उलटलेली, फुफ्फुसं कमजोर, धमनीची रचना अनुकूल: मी स्टेंटच्या बाजूने असेन. चाळिशीतला मार्फान सिंड्रोमचा (शरीरातल्या ऊती जन्मतःच कमकुवत असण्याचा आजार) रुग्ण: ओपन, कारण मुळात भिंतच कच्ची असते आणि जाळीला टेकायला भक्कम जागा राहत नाही. मधल्या वयात दोन्ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या टीमला सीटीची सीडी दाखवा, नुसता कागदी रिपोर्ट नको, आणि गेल्या वर्षी अशा किती केल्या हे स्पष्ट विचारा.