आजारपणाचा भत्ता संपल्यानंतर मिळणारा बेकारी भत्ता: जर्मनीतील व्यवस्थेचे परीक्षण

जर्मनीत नोकरदार दीर्घकाळ आजारी पडला, तर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते आणि त्यानंतर सार्वजनिक आरोग्य विम्याकडून 'क्रांकेनगेल्ड', म्हणजे आजारपणाचा भत्ता, सुरू होतो. ढोबळ पगाराच्या ७० टक्के, परंतु हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांपेक्षा अधिक नाही, असे त्याचे प्रमाण असते. एकाच आजारासाठी तीन वर्षांच्या काळात ७८ आठवडे ही त्याची कमाल मर्यादा आहे. कंपनीने पगार दिलेले आठवडेही याच ७८ मध्ये धरले जातात, त्यामुळे विम्याकडून प्रत्यक्षात सुमारे ७२ आठवड्यांचेच पैसे मिळतात. माझ्या पत्नीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, पुढे पुनर्वसन लांबत गेले, आणि ही मुदत संपत आल्याचे विमा कंपनीचे पत्र घरी येऊन पडले. त्यानंतर आम्ही जी सेवा वापरली, तिचे हे परीक्षण आहे. नियमाला मी पाचपैकी पाच गुण देईन. तो नागरिकांपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीला मात्र दोनच.

आधी नियमाविषयी. मुदत संपल्यावरही माणूस आजारीच असेल आणि त्याची नोकरी कागदोपत्री चालू असेल, तरी त्याला पहिल्या प्रकारचा बेकारी भत्ता, 'आर्बाइट्सलोझेनगेल्ड', मिळू शकतो. सामाजिक संहितेच्या तिसऱ्या ग्रंथातील कलम १४५ ही तरतूद करते आणि इथे ती 'नाटलोझिगकाइट', म्हणजे 'खंड न पडणे', या नावाने ओळखली जाते. एरवी बेकारी भत्त्यासाठी आठवड्याला किमान १५ तास काम करण्याची क्षमता असावी लागते. सहा महिन्यांहून अधिक काळ ती नसेल असे दिसत असूनही, निवृत्तिवेतन विमा संस्थेने कार्यक्षमता घटल्याचे ठरवले नसेल, तर तो निर्णय होईपर्यंत रोजगार कार्यालयाने पैसे देत राहावे, असे हे कलम सांगते. दोन संस्थांच्या वादात आजारी माणूस मध्येच लटकू नये, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो.

पात्रतेसाठी गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने बेकारी विमा असावा लागतो. दीड वर्ष अंथरुणावर काढलेल्या माणसाला इथेच धास्ती वाटते. परंतु आजारपणाच्या भत्त्यातून दरमहा निवृत्तिवेतन, शुश्रूषा आणि बेकारी विम्याची वर्गणी कापली जात असते, आणि आधी नोकरीत विमा चालू असेल तर तो काळ विम्याचाच धरला जातो. त्या कपातीबद्दल आम्ही दर महिन्याला कुरकुर करत होतो, पण शेवटी पत्नीचा हक्क त्या कपातीनेच शाबूत ठेवला. रक्कम हिशेबाने काढलेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के असते आणि मूल असल्यास ६७ टक्के. हिशेबासाठी आजारापूर्वीचा पगार धरला जातो, घटलेला भत्ता नव्हे. मात्र मागील दोन वर्षांत पगाराचे १५० दिवसही भरत नसतील, तर शिक्षण आणि पात्रतेनुसार काल्पनिक पगार धरतात, आणि चांगल्या पगाराच्या माणसाला त्यात फटका बसू शकतो.

आता सेवेविषयी. विमा कंपनीच्या पत्रात भत्ता कोणत्या तारखेला संपतो एवढेच ठळक होते आणि पुढे काय करायचे ते एका ओळीत उरकले होते. पत्नीला तासभर बसवत नसल्यामुळे रोजगार कार्यालयात नोंदणीसाठी मी गेलो. आजारी व्यक्तीच्या वतीने प्रतिनिधी नोंदणी करू शकतो, हे त्याच कलमात आहे, पण खिडकीवरच्या बाईंना ते त्यांच्या संगणकात शोधावे लागले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "त्या काम करू शकतात का?" प्रामाणिक माणूस यावर "नाही" म्हणतो आणि अर्ज तिथेच अडखळतो. "वैद्यकीय तपासणीत जेवढी क्षमता ठरेल, तेवढ्या मर्यादेत त्या उपलब्ध आहेत," हे योग्य उत्तर आम्हाला एका सामाजिक संघटनेच्या सल्लागाराने आधीच लिहून दिले होते, आणि तो कागद मी शब्दशः वाचून दाखवला. फाउ-डे-का या संघटनेसारख्या संस्था आपल्या सदस्यांना सामाजिक कायद्याबाबत सल्ला देतात, आणि त्यांची वर्गणी अशा वेळी पुरेपूर वसूल होते.

त्यानंतर प्रकृतीविषयीची प्रश्नावली आणि डॉक्टरांना गोपनीयतेतून मोकळे करणारा कागद भरून द्यावा लागतो, आणि कार्यालयाची वैद्यकीय सेवा बहुधा या कागदांवरूनच मत देते. क्षमता सहा महिन्यांहून अधिक काळ घटलेली राहील असे मत आले की कार्यालय एका महिन्याच्या आत पुनर्वसनाचा अर्ज करायला सांगते. ती मुदत चुकली तर भत्ता थांबतो, म्हणून ते पत्र आले त्याच दिवशी मी अर्ज टाकला.

सर्वाधिक मनस्ताप मात्र पत्नीच्या कंपनीने दिला. पगाराचा दाखला २०२३ पासून मालकाने इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच पाठवायचा असतो, पण "आम्ही तुम्हाला कामावरून काढलेलेच नाही, मग दाखला कशाला?" असे मनुष्यबळ विभाग पुन्हा पुन्हा विचारत राहिला. पुढे त्यांनी परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा करार पुढे केला. अशा करारावर सही केल्यास सर्वसाधारणपणे १२ आठवडे भत्ता रोखला जाऊ शकतो, त्यामुळे आम्ही नम्रपणे नकार दिला.

पैसे महिना संपताना, त्या सरलेल्या महिन्याचे म्हणून येतात. त्यामुळे आजारपणाच्या भत्त्याची शेवटची रक्कम आणि बेकारी भत्त्याची पहिली रक्कम यांत पडणाऱ्या खंडासाठी घरभाडे बाजूला काढून ठेवावे. पुण्या-मुंबईहून ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, आलेल्यांसाठी आणखी एक सांगतो: हा भत्ता स्वतःच्या वर्गणीवर मिळतो, त्यामुळे निवास परवान्याच्या हिशेबात तो सरकारी मदत म्हणून धरला जात नाही, परंतु तो संपल्यानंतर करातून मिळणारी मूलभूत निर्वाह मदत ('ब्युर्गरगेल्ड' या नावाने ओळखली गेलेली) धरली जाते. पन्नाशीच्या आतील माणसाला हा भत्ता जास्तीत जास्त १२ महिने मिळतो, आणि त्यासाठीही आधीचा २४ महिन्यांचा विमा लागतो.