पिवळ्या रेघेचे सात महिने : प्रौढांच्या डायपरचा अनुभव

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तीस डायपरच्या पाकिटातून अठरावा डायपर बाहेर काढला, तेव्हा त्याच्या बाहेरच्या बाजूची ओल दाखवणारी पिवळी रेघ अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगाला लागण्याआधीच हिरवट-निळी झालेली होती. उरलेले बारा काढून पाहिले, तर त्यांतले नऊ तसेच निघाले. हा अनुभव लिहायला बसण्याचे निमित्त ती रेघ आहे, आणि पुढच्या मजकुरात ती तिच्या योग्यतेपेक्षा जास्त जागा व्यापणार आहे, याची मला कल्पना आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आम्ही चिपळूणचे. अप्पांचे वय चौऱ्याऐंशी. एप्रिलमध्ये ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना अंथरुणावरच ठेवावे लागले. तेव्हापासून टेपचे, मोठ्या मापाचे डायपर आम्ही वापरत आहोत. पँटसारखे चढवायचे डायपर निजलेल्या माणसाच्या कामाचे नाहीत, हे पहिल्या दोन दिवसांतच कळते, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून तीस वर्षे काढली असल्याने वस्तू मोजून पाहण्याची खोड मला आहे, आणि एक डायपर बेचाळीस रुपयांना पडत असेल, तर ती खोड आणखी बळावते.

सुरुवातीला ही रेघ मला अत्यंत आवडली होती, हे कबूल केले पाहिजे. अप्पा आयुष्यभर कोणापुढे हात न पसरलेले गृहस्थ. ओले झाल्याचे ते मुलाला सांगणार नाहीत आणि सुनेला तर मुळीच नाही. पहिले तीन दिवस आम्ही दर तासाला "अप्पा, बघू का?" असे विचारत होतो आणि ते भिंतीकडे तोंड करून "काही नाही झालेले" म्हणत होते. मग धाकट्या मुलीने पाकिटावरचा मजकूर वाचून रेघेची गंमत सांगितली. त्यानंतर चादर सारखी करण्याच्या निमित्ताने एक नजर टाकली की काम होऊ लागले. विचारणे बंद झाले आणि अप्पा पुन्हा छताकडे पाहून रेडिओ ऐकू लागले.

अशा रेघांत बऱ्याचदा ब्रोमोफिनॉल ब्ल्यू हे आमच्या प्रयोगशाळेतले जुने दर्शक, म्हणजे आम्लतेप्रमाणे रंग बदलणारे द्रव्य, वापरलेले असते. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) ३ च्या खाली असेल, तर ते पिवळे राहते आणि ४.६ च्या वर गेला की निळे होते. कारखान्यात ते आम्लयुक्त डिंकात मिसळून प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पट्टीसारखे ओढतात. लघवीचा सामू साधारण ६ च्या आसपास असल्याने ती तिथपर्यंत पोचली की रंग पालटतो. ज्या बाटलीतले थेंब मी विद्यार्थ्यांना मोजून देत असे, तेच द्रव्य वडिलांच्या अंथरुणात भेटावे, याचे मला पहिले काही दिवस नवल वाटत होते.

नवल ओसरले ते मे महिन्याचे बिल पाहून. रेघ निळी झाली की बदलायचे, असा घरचा नियम झाल्यामुळे दिवसाला सहा डायपर लागत होते. म्हणजे दोनशे बावन्न रुपये रोज आणि महिन्याला साडेसात हजारांच्या वर. सौभाग्यवतींनी पीठ मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा माझ्या हाती देण्यास साफ नकार दिला, म्हणून मी बाजारातून सहाशे रुपयांचा वेगळा आणला आणि आठवडाभर काढलेला प्रत्येक डायपर पिशवीत घालून तोलला. कोरा डायपर एकशे बारा ग्रॅमचा. निळी रेघ पाहून काढलेला बहुधा दोनशे साठ ते तीनशे तीस ग्रॅम भरे. याचा अर्थ दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम लघवीसाठी आम्ही बेचाळीस रुपये टाकून देत होतो, आणि पाकिटावर मात्र दीड लिटर शोषण्याचा दावा ठळक अक्षरांत छापलेला होता.

तो दावाही तपासला. न्हाणीघरात परातीवर डायपर पसरून नळाचे पाणी थोडे थोडे ओतले, तर दीड लिटर पाणी खरोखरच आत गेले आणि वरचा पृष्ठभाग हाताला जेमतेम दमट लागला. दुसऱ्या डायपरवर, लघवीसारखे खारट व्हावे म्हणून, एका लिटरला नऊ ग्रॅम मीठ घातलेले पाणी ओतले. नऊशे मिलिलिटरनंतर तळहाताने दाबले की कडेने पाणी सुटू लागले. कंपनी खोटे बोलत नव्हती. कोणत्या पाण्याने मोजले, एवढेच ती सांगत नव्हती.

हा फरक का पडतो, हे पाहायचे असेल, तर एक डायपर कात्रीने फाडावा. आत कापसासारखा दिसणारा लाकडाचा लगदा असतो आणि त्यात साखरेसारखे बारीक पांढरे कण विखुरलेले असतात. ते सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. चमचाभर कण भांड्यात घेऊन पाणी घातले की मिनिटाभरात साबुदाण्याच्या खिचडीसारखा फुगलेला, पारदर्शक गोळा होतो, भांडे उलटे केले तरी सांडत नाही. त्या कणांतल्या लांब साखळ्यांवर ऋण भार असतात, पाणी मिळाले की ते एकमेकांना दूर ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी धरले जाते. खारे पाणी असेल, तर मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, ती ढकलाढकल शमवतात. म्हणूनच शुद्ध पाणी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरणारा हा कण लघवीसारख्या खारट द्रवात तीस-चाळीस पटींवर येतो. फुगलेल्या गोळ्यावर चिमूटभर मीठ टाकले, तर तो डोळ्यांदेखत ढिला पडून पाणी सोडतो. हे पाहायला शेजारची दोन मुले आणि खुद्द अप्पा खाटेवरून मान उंचावून हजर होते, आणि त्यांनी "आणखी टाक बघू" असे फर्मावल्यावर मला बऱ्याच दिवसांनी बरे वाटले.

इथे जरा विषयांतर करतो, पण रेघेकडे परत येतो. आपल्या हातातली ही वस्तू एका माणसाने शोधलेली नाही. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या गृहिणीने 1946 मध्ये न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापून लंगोटावरचे आवरण शिवले, टाचण्यांऐवजी टिचबटणे लावली, 1949 पासून ते न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात विकले गेले आणि 1951 मध्ये तिला पेटंट मिळाले. वापरून टाकून देण्याच्या कागदी लंगोटाची तिची कल्पना मात्र कारखानदारांनी मनावर घेतली नाही. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलमधले रसायन अभियंते व्हिक्टर मिल्स यांना नातवंडाचे लंगोट धुण्याचा कंटाळा आला, असे सांगतात, आणि त्यांच्या गटाने केलेला पॅम्पर्स 1961 मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया गावात विकून पाहिला गेला. माल लोकांना आवडला, पण एका नगाला दहा सेंट ही किंमत आवडली नाही, म्हणून कंपनीला यंत्रे बदलून ती सहा सेंटांवर आणावी लागली. पिओरियाच्या त्या अनाम आयांविषयी मला विशेष आदर आहे. त्यांनी घासाघीस न करता नुसते विकत घेणे थांबवले आणि भाव उतरवला.

गंमत अशी की, त्याच पिओरियात अमेरिकेच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा होती आणि तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात मक्याच्या स्टार्चपासून प्रचंड पाणी धरणारा पदार्थ तयार केला, ज्याला गमतीने 'सुपर स्लर्पर' म्हणत. मातीत पाणी टिकावे आणि बियाणांना ओल मिळावी, असे त्यांचे उद्दिष्ट होते. डायपरमध्ये आज जे कण असतात, ते स्टार्चचे नसून अ‍ॅक्रिलिक अम्लापासूनचे आहेत. त्यांचा वापर ऐंशीच्या दशकात जपानी आणि अमेरिकी कंपन्यांनी रूढ केला, आणि तेव्हापासून जाड गादीसारखा डायपर पातळ झाला. पूर्वी सगळा भार लगद्यावर होता, आणि लगदा दाबला की शोषलेले परत सोडतो. कण ते धरून ठेवतो. अप्पा कुशीवर वळले तरी चादर कोरडी राहते, ती याच कणांमुळे.

आता रेघ. वजनांच्या वहीवरून मला कळले ते असे की, ती भरल्याचे सांगत नाही, ओलावा पोचल्याचे सांगते. पहिल्याच लघवीला ती अर्ध्याहून अधिक निळी होते आणि त्यानंतर तिला सांगण्यासारखे काही उरत नाही. पेट्रोलचा काटा समजून आम्ही ज्याकडे पाहत होतो, ती नुसती घंटा होती. पाकिटावर मात्र 'रेघ निळी झाली की बदला' एवढेच छापलेले आहे, आणि विक्रेत्याच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची सूचना कोणती असणार, असे जून महिन्यात मी घरात मोठ्याने म्हणत होतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. वहीत सातशे ग्रॅमची मर्यादा आखून घेतली आणि कधी कधी एक डायपर सात-सात तास ठेवला. गळती एकदाही झाली नाही, पैसे वाचले आणि जूनअखेरीस अप्पांच्या माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल चट्टा उमटला. पट्टी बदलायला येणाऱ्या परिचारिकाबाईंनी माझी वही शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "काका, पाणी किती मावतं ते तुम्ही बघताय. कातडी किती वेळ दमट राहते ते कोण बघणार?" त्या दिवसापासून नियम बदलला. रेघ निळी झाल्याची वेळ भिंतीवरच्या पाटीवर लिहायची, तिथून दिवसा फार तर तीन तास. शौच झाले असेल, तर तत्काळ. आणि सकाळच्या अंग पुसण्यानंतर दीड तास डायपरच नाही, नुसते अंगाखाली पसरायचे शोषक अंडरपॅड. यात दिवसाला चार लागतात. चट्टा दहा दिवसांत गेला, आणि महिन्याला अडीच हजार रुपये वाचतात ते वाचतातच. म्हणजे ज्या रेघेला मी बिनकामाची ठरवली होती, तीच आता घड्याळाची कळ दाबण्यासाठी लागू लागली होती. आणि नेमक्या त्याच सुमारास ती पाकिटातच निळी निघाली.

ग्राहक सेवेशी माझे सहा वेळा बोलणे झाले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. पहिल्या वेळी उघडलेले पाकीट परत घेत नसल्याचे कळले, दुसऱ्या वेळी छायाचित्रे पाठवण्यास सांगण्यात आले, तिसऱ्या वेळी छायाचित्रे मिळालीच नसल्याचे समजले. चौथ्या वेळी एका मुलीने नम्रपणे सांगितले की, दमट हवेने रेघेचा रंग बदलू शकतो, शोषणशक्तीवर परिणाम होत नाही. "कोकणात पावसाळा असतो, हे तुमच्या कंपनीला ठाऊक नाही का?" असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. फोन ठेवल्यावर मात्र तिचे म्हणणे तपासून पाहिले. निळा पडलेला कोरा डायपर एकशे अठरा ग्रॅम भरला, म्हणजे त्याने नुसत्या हवेतून सहा ग्रॅम पाणी ओढले होते. त्यावर मिठाचे पाणी ओतले, तर नऊशेच्या आसपासच तोही थांबला. मुलगी बरोबर होती. पाचव्या फोनवर मी तसे सांगितलेही, पण त्या वेळी दुसरीच कोणी होती. एकोणिसाव्या दिवशी दहा डायपरचे एक पाकीट कुरिअरने आले. चिठ्ठी नव्हती.

बाकीच्या गोष्टींवर थोडक्यात. चिकटपट्ट्या आता चांगल्या आहेत, दोन-तीनदा उघडून लावता येतात. पण टाल्कम पावडर लागलेल्या बोटांनी हात लावला की त्या मेल्या, म्हणून पावडर आधी नको. पायांजवळच्या कडा बाहेर ओढून उभ्या केल्या नाहीत, तर कितीही महागडा डायपर कुशीवर गळतो. वासाबद्दल पाकिटावर जे लिहिले आहे, त्यावर विश्वास ठेवू नये. आणि विल्हेवाट हा तर सर्वांत नकोसा भाग. 2016 च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पुनर्वापराजोगा माल वापरण्याची शक्यता पाहावी किंवा प्रत्येक नगासोबत टाकण्यासाठी पिशवी द्यावी, असे म्हटले होते. आमच्या पाकिटांतून आजवर एकही पिशवी निघाली नाही. मी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तांबडी फुली मारून घंटागाडीवरच्या माणसाच्या हाती वेगळे देतो. पाव किलो ते पाऊण किलोचे असे चार पुडे रोज दुसऱ्याच्या हातात देताना बेचाळीस रुपयांची चिडचिड जरा मागे पडते.

पुन्हा हेच घेणार का, तर होय, कारण बिनरेघेचा पाच रुपयांनी स्वस्त डायपर पंधरा दिवस वापरून पाहिला आणि पहिल्याच दिवशी "अप्पा, बघू का?" परत सुरू झाले. कोकणातल्यांनी मात्र जून ते सप्टेंबर तीसचे पाकीट घेऊ नये, दर नगामागे दोन रुपये जास्त गेले तरी दहाचेच घ्यावे. आमच्याकडे उघडलेले पाकीट गव्हाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून ठेवले जाते. ऑगस्टपासून त्यातली एकही रेघ आपोआप निळी झालेली नाही. गेल्या आठवड्यात मी वर्तमानपत्र वाचत असताना खाटेवरून आवाज आला, "अरे, पाटीवर वेळ लिही. निळी झाली असणार." पाहिले, तर झाली होती.