प्लेटलेटची पुडी ३९,८०० रुपयांना पडली

एचआयव्ही असलेल्या माणसाच्या प्लेटलेट (रक्त गोठवायला लागणाऱ्या पेशी) पडल्या की त्याचा फोन नंबर कुठून फुटतो कोण जाणे, पण प्लेटलेट वाढवायच्या पुड्या विकणाऱ्याचा फोन येतोच. आमच्या घरीही आला. "सात रस्त्याजवळ ऑफिस आहे" म्हणणारा गोडबोल्या. पत्ता विचारला की "घरपोच देतो ना दादा". पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

पुड्यांचा पहिला कोर्स १४,५००. दुसरा १४,५००. कुरिअरचे म्हणून १,८००. शिवाय "इंजेक्शन मागवतो" म्हणून ९,००० आगाऊ. ते इंजेक्शन अजून वाटेतच आहे!

अडाणीपणाने दिले नाहीत. रिपोर्टवर प्लेटलेटचा आकडा ३८,००० होता, नॉर्मल दीड लाखाच्या पुढे. हिरड्यांतून रक्त येत होतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, नुकतीच सुरू झालेली. तिने प्लेटलेट वाढतात, पण आठवडे, कधी महिने जातात, आणि तेवढ्यात घरच्यांचा धीर सुटतो. हे लोक नेमके त्याच वेळी फोन करतात.

आणि पुडीने आकडा खरोखर वाढला. १,१०,०००! इथेच तर माणूस अडकतो. एचआयव्हीत बऱ्याचदा शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट मारत असते. स्टेरॉइड दिलं की ते मारणं काही दिवस थांबतं. आकडा ३०,००० च्या खाली गेला किंवा रक्तस्राव असला तर डॉक्टरही प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, पण वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅमच्या हिशेबाने, टीबी तपासून, शुगर-बीपी बघत, आणि हळूहळू कमी करत. बिनलेबलच्या पुडीत किती कोंबलंय ते कोण सांगणार?

भूक खवळली, झोप उडाली, शुगर २८६, चेहरा गोल झाला. तिथेच कळायला हवं होतं. गाल भरले म्हणून सिद्धेश्वराला नारळ फोडला हो आम्ही! डॉक्टरांनी चेहरा बघताच विचारलं, "स्टेरॉइड कोण देतंय?" पुड्या संपल्यावर आकडा २२,०००.

आणखी एक खूण होती. "एआरटीच प्लेटलेट खाते, ती बंद करा," असं तो म्हणाला. साफ खोटं. एआरटीतल्या झिडोवुडिन या औषधाने हिमोग्लोबिन पडतं, प्लेटलेट उलट वाढतात. एआरटी मध्येच सोडली की प्लेटलेट पुन्हा घसरतात. असं कुणी सांगितलं की फोन तिथेच ठेवा. एआरटी सरकारी केंद्रात फुकट मिळते.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत पहिला प्रश्न, तोही भरल्या खोलीत ओरडून: "आजार कुठला?" एचआयव्ही कायदा २०१७ चा, लागू १० सप्टेंबर २०१८ पासून, संमतीशिवाय हे उघड करता येत नाही. सांगितलं तर, "कायदा आम्हाला शिकवू नका." मग सायबरकडे जा. तिथे, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" औषधवाल्या कार्यालयात बिल आणा, बॅच नंबर आणा. अहो, कागदाच्या पुडीवर बॅच नंबर असता तर तक्रार कशाला केली असती? एड्स बरा करतो असा दावा करणाऱ्या औषधांना औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये मनाई आहे; त्यावर उत्तर, "त्याने प्लेटलेट म्हटलं, एड्स नाही." आजारी माणसाने या टेबलावरून त्या टेबलावर किती फिरायचं?

पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) जवळ ठेवा. "गल्लीत सांगू" म्हणून धमकावलं तर तो मेसेज पुसू नका. अशी पुडी आठवड्यांपासून चालू असेल तर एकदम बंद करू नका, बीपी कोसळतं. पुडीसकट डॉक्टरांकडे जा. आकडा अचानक पडलेला दिसला तर रक्ताची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा, कारण जांभळ्या झाकणाच्या नळीत कधी प्लेटलेट चिकटून गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. मग निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा तपासा. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन बंद. कमरेत इंजेक्शन नको. रक्तस्राव नसताना नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेटची पिशवी चढवायला सांगितलं तर कारण विचारा. शरीरच मारत असेल तर चढवलेल्याही टिकत नाहीत.

आणि पुडी कुठेही जमा करताना पोच घ्या, अर्धी घरी ठेवा. आमची "सापडत नाही" म्हणे.