ओट्याशेजारचं कालनिर्णय 2026: डबेवालीचा अनुभव

मी नागपूरला घरगुती डबे देते. रोजचे वेगळे, एकादशी-संकष्टीला उपासाचे वेगळे. ओट्याशेजारच्या खिळ्यावर कालनिर्णय नसेल तर माझा एक दिवस निघणार नाही.

यंदा भाच्यानं हट्टानं फोनवर पंचांगाचं एक अ‍ॅप टाकून दिलं. 6 जानेवारीच्या अंगारकीला मी त्याच्यावर विसंबले आणि रात्री फोन सुरू झाले. "काकू, चंद्र केव्हाचा वर आलाय, डबा कुठे?" दिवसभर निर्जळी उपास केलेल्या आजींना ताटकळत ठेवलं, हे मला फार लागलं. अ‍ॅप मुंबईची वेळ दाखवत होतं, आणि तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

कालनिर्णयच्या चौकोनातला चंद्रोदयही मुंबईचाच, पण ते मला ठाऊक आहे आणि पुढचं गणित बाबांनी शिकवलंय. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. मुंबई त्र्याहत्तरच्या आसपास, नागपूर एकोणऐंशीवर. सहा अंश, चोवीस मिनिटं, म्हणजे एक घटिका. वेळ तेवढी वजा करायची की माझं काम भागतं. तासाची साठ मिनिटं आणि वर्तुळाचे 360 अंश ही मापं बाबिलोनच्या लोकांच्या हिशेबातून आली. ओल्या मातीच्या पाट्यांवर खुणा उमटवून ते साठाच्या पटीत मोजत. आपल्या घटिका-पळांतही तोच साठाचा हिशेब आहे. साबुदाणा कधी भिजवायचा हे मी आजही त्याच मापानं ठरवते.

अंगारकीचंच बघा. चतुर्थी ही तिथी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. ही मोजणी आपली जुनी. मंगळवार मात्र पश्चिमेकडून आला. वेदांत नक्षत्रं आहेत, सात वार नाहीत. वार ठरतात होऱ्यावरून (होरा म्हणजे एकेका ग्रहाच्या वाट्याचा एक तास; दिवसाच्या पहिल्या तासाचा जो ग्रह, त्याचा तो वार), आणि 'होरा' हा शब्दच ग्रीक. लहानपणी बाबांनी सात वाट्या ओळीनं मांडल्या होत्या: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. सगळ्यांत संथ आधी, चपळ शेवटी. एकेका वाटीत एकेक शेंगदाणा टाकत जायचं, एक दाणा म्हणजे एक तास. चोवीस दाणे संपले की पंचविसावा ज्या वाटीत पडेल तिचा दुसरा दिवस. शनीपासून सुरुवात केली की तो रवीत पडतो, तिथून चोवीस टाकले की पुढचा चंद्रात, मग मंगळात. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार! तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. संकष्टीचा दिवस मंगळवारी आला की दोन दूरच्या देशांची मोजणी एका चौकोनात भेटते, आणि माझे डबे दुप्पट होतात.

त्याच पानावर रोमचे जुलै-ऑगस्ट आहेत (ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस यांच्या नावांचे), 632 मध्ये गादीवर आलेल्या इराणच्या यज्दगर्द राजापासून मोजला जाणारा पारशी सन आहे, इसवी सन 78 पासूनचा शालिवाहन शक आहे आणि हिजरी महिनेही. माझ्याकडे सहरीचे डबे नेणारी मुलं आहेत, म्हणून ती ओळ मी रोज वाचते. यंदा गुढीपाडवा 19 मार्चला, आणि रमजान ईद त्याच आठवड्यात. दोन्ही एकाच अमावास्येनंतरची.

चांद्र वर्ष 354 दिवसांचं. हिजरीत ते तसंच ठेवतात, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. आपण साठलेली तूट अधिक महिना घालून भरतो. यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ, म्हणून दिवाळी थेट नोव्हेंबरात. जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे तर तांदूळ तीन दिवस भिजायला हवेत, पीठ गुळात मुरायला हवं. त्यामुळे ज्यांना माझ्याकडून हवेत त्यांनी मेच्या पहिल्याच आठवड्यात सांगावं.

1973 मध्ये जयंतराव साळगावकरांनी हे कालनिर्णय सुरू केलं. पाचपैकी पाच तारे. चौकोनात दुधाचे खाडे लिहायला जागा उरते, एवढ्यासाठीही मी ते घेईन. 5 मेला पुन्हा अंगारकी आहे. तिथं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: 'एक घटिका वजा. आजींचा डबा आधी.'